वाचक विचारतात : चित्र खरोखर एचडी आहे का?

प्रश्न : गेल्या दिवाळीत आम्ही ४३ इंची टीव्ही घेतला. जुन्या ३२ इंची टीव्हीवर जे चित्र चांगले वाटत होते, तेच आता धूसर दिसते. घरी स्थानिक केबल आहे आणि एचडी पॅकचे पैसे आम्ही नियमित भरतो. शेजाऱ्यांकडे डीटीएच आहे, आणि आमचा इंटरनेटवाला आता फायबरवरूनच टीव्ही देतो म्हणतो. आमची गॅलरी पश्चिमेला आहे. घरात मुख्यतः क्रिकेट आणि संध्याकाळच्या मराठी मालिका पाहिल्या जातात. चांगल्या एचडी चित्रासाठी यांतले काय निवडावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : सेवा बदलण्याआधी टीव्हीच्या मागे हात घाला आणि सेट-टॉप बॉक्स कोणत्या वायरने जोडलेला आहे ते पाहा. लाल, पांढऱ्या व पिवळ्या टोकांची वायर असेल, तर आपण पैसे एचडीचे भरत आहात आणि चित्र साधे पाहत आहात, कारण त्या पिवळ्या टोकातून एचडी चित्र जाऊच शकत नाही. त्यासाठी एचडीएमआय वायरच लागते. हे मी पुस्तकी ज्ञान म्हणून सांगत नाही. माझ्या आईच्या घरी टीव्ही भिंतीवर चढवला गेला तेव्हा बॉक्ससोबत आलेली एचडीएमआय वायर खालच्या फळीपर्यंत पोहोचेना, म्हणून जोडणीला आलेल्या मुलाने हाताशी असलेली तिरंगी वायर लावून दिली आणि तो निघून गेला. पुढची दोन वर्षे एचडीचा रिचार्ज होत राहिला. चित्र चालू होते, आवाज येत होता, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. वायर बदलल्यावरही आई जुनेच चित्र पाहत होती, कारण रिमोटवर तिच्या बोटांना सवयीचा झालेला क्रमांक त्या वाहिनीच्या साध्या आवृत्तीचा होता. एचडी आवृत्ती वेगळ्या क्रमांकावर असते, ही गोष्ट तिला कोणी सांगितलीच नव्हती.

म्हणून तीन गोष्टी तपासाव्यात. वायर एचडीएमआय आहे का, बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्राचे रिझोल्यूशन ५७६ वर अडकलेले नसून १०८० वर आहे का, आणि वाहिनी लावताना पडद्यावर येणाऱ्या पट्टीत नावापुढे एचडी असे लिहिलेले दिसते का. आपल्याकडील साध्या चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात, म्हणजे एकूण ४,१४,७२०. एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात, बरोबर पाचपट. त्यातच ४३ इंची पडद्याचे क्षेत्रफळ ३२ इंचीच्या जवळजवळ १.८ पट असते. तेच साधे चित्र तेवढ्या मोठ्या पडद्यावर ताणले गेले की धूसरपणा डोळ्यांत भरतो. दोष नव्या टीव्हीचा नाही; जुना टीव्ही तो झाकून ठेवत होता, इतकेच.

हे सारे ठीक असूनही चित्र मनासारखे नसेल, तर सेवेचा विचार करावा. येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. ‘सिग्नल वाढवून घ्या म्हणजे चित्र स्वच्छ येईल’ हे वाक्य अँटेनाच्या काळात खरे होते, कारण तेव्हा सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या येत. मुंबईत ऑक्टोबर २०१२ अखेर आणि पुण्यासह इतर मोठ्या शहरांत मार्च २०१३ अखेर केबल डिजिटल करण्याची मुदत ठरलेली होती, आणि तेव्हापासून हा हिशेबच बदलला. डिजिटल चित्र पुरेशा सिग्नलवर जेवढे चांगले असते तेवढेच भरपूर सिग्नलवरही असते. सिग्नल अपुरा पडला तर ते धूसर होत नाही. त्याचे ठोकळे पडतात, आवाज तुटतो किंवा पडदा काळा होतो. आपली तक्रार धूसरपणाची आहे, ठोकळ्यांची नाही. त्यामुळे केबलवाल्याने नवा ॲम्प्लिफायर बसवून दिला तरी आपल्याला काही फरक दिसणार नाही.

मग एचडी-एचडीत फरक का पडतो? वाहिनीचे प्रसारण सर्व सेवांना एकाच स्रोतातून मिळते. डीटीएच कंपनी किंवा केबलची मुख्य कंपनी मोठ्या डिशवर ते उतरवून घेते, आपल्या सोयीने पुन्हा दाबून लहान करते आणि पुढे पाठवते. दाबण्याचे प्रमाण प्रत्येकाचे वेगळे. उपग्रहावरील एका ट्रान्सपाँडरमधून, म्हणजे सिग्नल घेऊन खाली पाठवणाऱ्या एका यंत्रातून, ढोबळ मानाने, सेकंदाला ६० मेगाबिट माहिती जाते असे धरा. त्यात आठ एचडी वाहिन्या बसवल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला साडेसात मेगाबिट येतात. बारा कोंबल्या तर पाचच. दोन्ही ठिकाणी पडद्यावर एचडी हीच अक्षरे दिसतात आणि दोन्ही ठिकाणी ठिपके तेवढेच असतात, पण दुसऱ्या ठिकाणी त्या ठिपक्यांत भरायला माहिती कमी असते. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावरच्या चौथ्या सीटवर बसलेल्यालाही सीट मिळाली असेच म्हणतात, तसा हा प्रकार आहे. म्हणूनच वाहिन्यांच्या संख्येची जाहिरात करणारी सेवा मला फारशी भुरळ घालत नाही. माहिती दाबण्याचे तंत्र एमपेग-२ कडून एमपेग-४ कडे गेल्यावर तेवढ्याच जागेत अधिक चांगले चित्र बसू लागले, हे खरे; पण वाचलेली जागा चित्राला द्यायची की आणखी वाहिन्यांना, हे कंपनी ठरवते.

हा फरक जाहिरातीत सापडत नाही, तो डोळ्यांनीच पाहावा लागतो. शेजाऱ्यांकडे डीटीएच आहेच, तर क्रिकेट सामन्याच्या दिवशी अर्धा तास त्यांच्याकडे जाऊन बसा. फलंदाज उभा असताना चित्र सर्वच सेवांवर चांगले दिसते, त्यावर जाऊ नका. चेंडू सीमारेषेकडे जातो आणि कॅमेरा झपाट्याने त्याच्यामागे वळतो, त्या दोन सेकंदांत मैदानाचे गवत पाहा. माहिती पुरेशी असेल तर गवत वेगामुळे पुसट झाले तरी गवतच राहते. माहिती कमी असेल तर सारे मैदान हिरव्या पिठल्यासारखे एकजीव होते, आणि कॅमेरा थांबल्यावर क्षणभराने गवताची पाती पुन्हा उगवतात. मालिकेत पैठणीच्या काठावर आणि नथीच्या मोत्यांवर नजर ठेवा, आणि रात्रीच्या प्रसंगात पात्रामागची अंधारी भिंत पाहा; तिथे चौकोनी डाग सरकताना दिसले तर वाहिनी फार दाबलेली आहे असे समजावे. मात्र दोन्ही घरी वाहिनी तीच, आवृत्ती एचडीच आणि टीव्हीचा पिक्चर मोड ‘स्टँडर्ड’ किंवा ‘मूव्ही’ असल्याची खात्री करून घ्या. ‘व्हिव्हिड’ मोड व चढवलेला ‘शार्पनेस’ यांमुळे दुकानात चित्र झगझगीत दिसते, परंतु दाबलेल्या चित्राचे डागही त्यामुळेच ठळक होतात.

आता आपल्यासमोरच्या पर्यायांविषयी. केबलला सरसकट नावे ठेवण्याची पद्धत आहे, ती मला पटत नाही. पुष्कळ केबलवाल्यांनी आता घरापर्यंत फायबर आणली आहे आणि त्या एकाच धाग्यातून इंटरनेट व टीव्ही दोन्ही येतात. अशी जोडणी स्थिर असते आणि पावसाची तिला फिकीर नसते. आपल्या जिन्यात मात्र अजून काळी जाड वायर असेल आणि ती मजल्यामजल्यावर स्प्लिटरमधून फुटत आली असेल, तर आज ना उद्या ठोकळ्यांचा त्रास सुरू होईल. केबलची खरी उणीव निराळी आहे. एचडी वाहिन्या किती द्यायच्या आणि किती दाबायच्या, हे मुख्य कंपनी ठरवते. तक्रार ऐकणारा आपल्या गल्लीतला माणूस त्यात काहीच करू शकत नाही.

सशुल्क डीटीएच देणाऱ्या कंपन्या सध्या चारच आहेत : टाटा प्ले, एअरटेल, सन डायरेक्ट आणि डिश टीव्ही; डीटूएच हे २०१८ च्या विलीनीकरणापासून डिश टीव्हीचेच अंग आहे. यांतली अमुक एक सर्व वाहिन्यांवर सरस आहे, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, कारण एकाच कंपनीत क्रीडा वाहिनीला जास्त जागा आणि चित्रपट वाहिनीला कमी, असे वाटप असू शकते. आपल्या बाबतीत आधीचा प्रश्न दिशेचा आहे. हे सारे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, महाराष्ट्राच्या पूर्वेकडील रेखांशांवर उभे आहेत, त्यामुळे पुण्यातली छत्री आग्नेयेच्या आसपास रोखावी लागते. पश्चिमेच्या गॅलरीत ती बसवून उपयोग नाही. गच्चीवर लावण्यासाठी सोसायटीची परवानगी लागेल आणि तिथून खाली चांगल्या प्रतीची अखंड वायर आणावी लागेल. ही परवानगी मिळाल्याशिवाय बॉक्सचे पैसे भरू नका, कारण एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे चालत नाही.

फायबरवरील टीव्हीला ना डिशची दिशा लागते ना गच्ची, म्हणून आपल्यासारख्यांना तो सोयीचा आहे; एअरटेलने मार्च २०२५ मध्ये अशी सेवा देशातील २००० शहरांत जाहीर केली आणि जिओचा बॉक्सही इंटरनेटवरूनच वाहिन्या दाखवतो. येथे चित्राचा दर्जा जोडणीच्या वेगाशी बांधलेला असतो. वेग घटला की चित्र थांबू नये म्हणून अनेक सेवा आपोआप खालच्या दर्जावर उतरतात, आणि ते उतरणे बहुधा रात्री नऊच्या सुमारास, सारी इमारत ऑनलाइन असताना घडते. बॉक्स वाय-फायवर न ठेवता राउटरला लॅन वायरने जोडला, तर घरातल्या घरातली गळती तरी थांबते. याच इंटरनेटवरून एखाद्या ॲपवर सामना पाहताना आणखी एक गंमत सोसावी लागते : प्रक्षेपण काही सेकंद मागे असते, आणि खालच्या मजल्यावर ओरडा झाला की आपल्याला विकेटची बातमी आधी कळते.

ॲपच्या दर्जाविषयी एक सूचना. सर्वांत स्वस्त योजनेत एचडी असेलच असे नाही. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतात दर उतरवले तेव्हा १९९ रुपयांच्या योजनेत ४८० आणि ४९९ च्या योजनेत १०८० रिझोल्यूशन ठेवले होते, आणि १०८० साठी त्यांची वेगाची अपेक्षा सेकंदाला ५ मेगाबिट एवढीच आहे. वेग शंभरचा घेऊन योजना स्वस्तातली घेतली, तर चित्र योजनेप्रमाणेच दिसणार. घेण्यापूर्वी योजनेपुढचा रिझोल्यूशनचा आकडा वाचावा.

आपल्या पत्रात टीव्ही किती अंतरावरून पाहता हे लिहिलेले नाही. ४३ इंची पडद्यावरील पूर्ण एचडीचे ठिपके साधारण साडेपाच फुटांपलीकडून डोळ्याला वेगळे दिसत नाहीत. सोफा दहा फुटांवर असेल, तर साध्या चित्राला एचडी करणे आपल्याला जाणवेल, परंतु दोन एचडी सेवांमधला बारीक फरक जाणवेलच असे नाही, आणि तेवढ्यासाठी गच्चीच्या परवानगीचा खटाटोप करणे मला तरी व्यर्थ वाटते. मी आपल्या जागी असतो तर वायर, सेटिंग व वाहिनीचा क्रमांक दुरुस्त करून महिनाभर केबलच ठेवली असती, आणि गवताचे पिठले होत राहिले तर शेजाऱ्यांचे चित्र पाहून मग डीटीएचकडे वळलो असतो. मालिकांसाठी मात्र ॲप पुरते.

प्रश्न : आमच्याकडे डीटीएच आहे. पावसाळ्यात एचडी वाहिन्या आधी जातात आणि साध्या वाहिन्या काही वेळ चालू राहतात. कंपनीचा माणूस म्हणतो, हे असेच असते. कंपनी बदलल्यास फरक पडेल का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : तो माणूस अर्धे खरे बोलतो आहे. डीटीएच ज्या पट्ट्यातील लहरी वापरते त्या केयू बँडमधील लहरींची लांबी अवघी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते आणि मुसळधार पावसाचे थेंब त्या शोषून घेतात व विखुरतात. पूर्वी केबलवाल्यांच्या गच्चीवर असणाऱ्या आठ-दहा फुटी डिश सी बँडवर चालत. त्या लहरी सुमारे तिप्पट लांब असल्याने पावसाला फारशा जुमानत नसत. एचडी वाहिन्या आधी जाण्याचे कारण असे, की त्या सहसा अधिक माहिती वाहून नेणाऱ्या पद्धतीने पाठवल्या जातात आणि त्या पद्धतीला सिग्नलही अधिक स्वच्छ लागतो.

उरलेले अर्धे मात्र आपल्या हातात आहे. कोकणातल्या पावसासाठी नेहमीच्या ६० सेंटिमीटरच्या छत्रीऐवजी ९० सेंटिमीटरची मागा. तिचे क्षेत्रफळ सव्वादोन पट असते, आणि मध्यम सरींमध्ये तेवढ्याने तग धरता येतो. ढगफुटीसारख्या पावसात तीही हात टेकते, हे आधीच सांगून ठेवतो. कोरड्या दिवशी बॉक्सच्या सिग्नल पानावरचा ‘क्वालिटी’चा आकडा वहीत लिहून ठेवा, कारण ‘स्ट्रेंग्थ’ चांगली आणि ‘क्वालिटी’ पडलेली असेल, तर छत्री हलली आहे किंवा तोंडाशी असलेल्या, लहरी टिपणाऱ्या एलएनबी नावाच्या डबीत पाणी शिरले आहे असा त्याचा अर्थ होतो. वायर एलएनबीला जिथे जोडली जाते तिथले रबरी टोपण बहुधा सुरुवातीच्या एक-दोन उन्हाळ्यांतच तडकते. ते बदलून घ्या आणि वायर घरात शिरण्यापूर्वी तिला खाली लोंबणारा एक वळसा द्या, म्हणजे पाणी वायरीवरून आत न येता त्या वळशाच्या तळाशी गळून जाईल. छत्रीवर प्लास्टिक बांधण्याची आपल्याकडे रीत आहे, ती टाळलेली बरी; प्लास्टिकवर साचलेला पाण्याचा पापुद्रा सिग्नल अडवतो.

आणखी एक पाहा. छत्री बसवली तेव्हा आग्नेयेला जो आंबा किंवा फणस खांद्याएवढा होता, तो आता कुठे पोहोचला आहे? कोरडी पाने थोडाफार सिग्नल जाऊ देतात, भिजलेली पाने जवळजवळ नाही. ‘पावसाने जाते’ अशी तक्रार असणाऱ्या काही घरांत खरा अडथळा झाडाचा असतो.

कंपनी बदलण्याबाबत म्हणाल, तर उपग्रह आकाशात किती उंच दिसतो यावर लहरींना पावसातून किती लांब वाट काढावी लागते हे अवलंबून असते. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर आहे व चिपळुणातून तो क्षितिजापासून सुमारे ६५ अंशांहून अधिक वर दिसतो. एअरटेलचा १०८ अंशांवर असून तो ४५ अंशांच्या आसपास दिसतो. तात्त्विक फायदा पहिल्याकडे जातो, परंतु उपग्रहाची शक्ती आणि छत्रीचा आकार यांनी तो सहज पुसला जातो. एवढ्यासाठी बॉक्स बदलू नये. आणि मार्चच्या सुरुवातीस व ऑक्टोबरच्या सुमारास, निरभ्र आकाशातही, रोज ठरावीक वेळी काही मिनिटे चित्र गेले, तर कोणाला बोलावू नका. त्या वेळी सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि काही दिवसांत आपोआप पुढे सरकतो.

प्रश्न : येथील केबलवर मराठी वाहिन्या साध्या स्वरूपात मिळतात, एचडी मिळत नाहीत. ‘मागणी नाही’ असे उत्तर येते. काय करावे? — एक वाचक, वडोदरा

उत्तर : झी मराठी, स्टार प्रवाह व कलर्स मराठी या तिन्हींच्या एचडी आवृत्त्या २०१६ पासून आहेत, तेव्हा अडचण वाहिनीची नसून आपल्या केबलच्या यादीची आहे. अशा ठिकाणी डीटीएचचा लाभ स्पष्ट आहे, कारण उपग्रहाचा झोत वडोदऱ्याला वेगळा आणि नाशिकला वेगळा नसतो. यादीत असलेली वाहिनी देशात कुठेही घेता येते. २०१९ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेचे नवे दरपत्रक लागू झाल्यापासून प्रत्येक वाहिनी सुटी घेण्याची मुभा आहे, म्हणून गुजराती पॅकवर मराठी एचडी वाहिन्या सुट्या जोडून मागा. एकाच वाहिनीची साधी आणि एचडी अशा दोन्ही आवृत्त्या आपल्या यादीत नाहीत ना, हे बिलावर तपासा. दोन्हींचे पैसे भरणारी घरे मी पाहिली आहेत. त्याच दरपत्रकात १०० वाहिन्यांसाठी १३० रुपये अधिक कर अशी दरमहाच्या जोडणी शुल्काची कमाल मर्यादा होती आणि एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांएवढी मोजली जाई. शुल्कावरील ती मर्यादा जुलै २०२४ मध्ये काढून टाकण्यात आली, म्हणून वाहिन्यांच्या किमतीसोबत हे शुल्कही कंपन्यांना विचारून ताडून पाहा.

प्रश्न : दुकानदार दीड हजारांची एचडीएमआय वायर घ्या म्हणतो. तिने चित्र सुधारते का? — एक वाचक, सोलापूर

उत्तर : सुधारत नाही. त्या वायरीतून डिजिटल आकडे जातात. ते पोहोचतात तरी, नाही तर चित्र लुकलुकते, पांढरे ठिपके चमकतात किंवा पडदा काळा पडतो. सेट-टॉप बॉक्सच्या एचडी चित्रासाठी दोन मीटरपर्यंतची साधी, घट्ट बसणारी वायर पुरेशी आहे. टीव्ही भिंतीवर असेल तर पैसे किमतीवर न घालता लांबीवर घाला, आणि वायर खोक्याबाहेर काढण्यापूर्वी टीव्हीमागच्या खाचेपासून बॉक्सपर्यंत सुतळी धरून अंतर मोजून घ्या.